सानियाचा जादा वेळ

वाचण्या-लिहिण्यात अडचण असलेल्या मुलांना बारावीनंतर कॉलेजात पोचवणं, हे माझं काम. घोटावड्याजवळच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी समुपदेशक आहे. लोकांना वाटतं, काय गंभीर खोली असेल! अहो, अख्खी स्टाफरूम डबा खायला माझ्याकडे येते, ती काय उगाच? एकट्या सानिया मुलाणीचेच इतके किस्से आहेत, की डबे संपतात, किस्से संपत नाहीत.

सानिया पौडची. आकडेमोडीत हुशार, बोलण्यात त्याहून. पण वाचायला बसली की अक्षरं तिला दाद देत नाहीत, त्यामुळे पेपर कायम अर्धा राहायचा. तिला बी.कॉम. करायचं होतं. सरकारी हॉस्पिटलचा दाखला दाखवला की परीक्षेत जादा वेळ मिळतो. पण तो कुणाला दाखवायचाच नाही, म्हणून तिचे वडील अडून बसलेले. अन्वरभाई. बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे.

"मॅडम, पोरीत कायतरी कमी हाय असं गावात झालं, तर उद्या स्थळं कुटनं यायची?"

मी म्हटलं, "तुम्ही चष्मा लावता ना? तसंच आहे हे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, बराच विचार केला.

"मग हिचा नंबर किती हाय?"

*

पूर्वपरीक्षेपुरते ते कसेबसे कबूल झाले. सानियाला लेखनिक मिळाली नांदे गावची, अकरावीतली. लेखनिक खालच्या वर्गातलाच लागतो आणि परीक्षा देणाऱ्यानं सांगितलं तेवढंच त्यानं लिहायचं असतं. पण ही पडली पहिल्या नंबरची मुलगी, तिला राहवेना. सानियानं बरोबर सांगितलेला आकडा तिनं आपल्या मनानं बदलला.

सानिया शांतपणे म्हणाली, "बाई, तुझा पेपर फुडच्या वर्षी हाय. तवा लिही तुझं."

सुपरवायझर सर हसू लपवायला खिडकीपाशी गेले.

*

मग आम्ही दोघी भूगावच्या पुढचं एक कॉलेज बघायला गेलो. आपल्या सोयी मुलांनी आपणच विचारायच्या, असा माझा दंडक आहे. मी नुसती मागे उभी राहते. सानियानं विचारलं, तर ऑफिसातले गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "आमच्याकडे लिफ्ट आहे. रॅम्पसुद्धा आहे."

"सर, जिना मी पळत चढते. वाचायला वेळ लागतो मला."

गृहस्थांनी आम्हाला चहा पाजला आणि सांगितलं, ॲडमिशनला दाखला आणि पालक दोन्ही आणा. म्हणजे घोडं पुन्हा अन्वरभाईंपाशीच अडलं.

"अब्बा न्हाई यायचे, मॅडम," परतताना ती म्हणाली आणि रडायलाच लागली. या पोरीला मी कधी रडताना बघितलं नव्हतं. मलाही फार वाईट वाटलं.

*

सानियानं घरी काय सांगितलं कोण जाणे, पण ॲडमिशनच्या दिवशी अन्वरभाई आले. दाखला सदऱ्याच्या आत. रांगेत आमच्या मागेच पौडची दोन ओळखीची माणसं निघाली. झालं, म्हटलं, आता हे आल्या पावली परत जातात.

गेले नाहीत. पण मान खाली घालून, दाखला पालथा करूनच त्यांनी खिडकीतून आत सरकवला. क्लार्कनं तो उलटला, वाचला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "हिला जादा वेळ मिळेल. तासाला वीस मिनिटं."

अन्वरभाईंनी मान वर केली.

"वीसच?" एकदम दुकानातला आवाज लागला त्यांचा. "आवो साहेब, लई हळू वाचती आमची पोरगी. तीस करा."