तुरीच्या दाण्यांवर इंग्रजी

“तिले काय शिकवाचं? तिले तर सारंच येते,” बाबा बाहेरच्या खोलीत म्हणाले.

मलाही बोलवायचं का, एवढंच चुलतबहिणीने विचारलं होतं. अकरावीसाठी ती एकोडीहून आमच्या जवाहरनगरच्या क्वार्टरात राहायला आली होती. मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजीचा लांब शब्द दिसला की पान उलटायची. त्या हिवाळ्यात फॅक्टरीच्या बसमधून उतरून बाबा चहा घेत आणि तिच्यासोबत चटईवर बसत. मध्ये तिच्या घरून आलेल्या तुरीच्या शेंगांची टोपली. बाबा शब्द तोडायचे आणि एकेका तुकड्याला एकेक दाणा वर्तमानपत्रावर ठेवायचे.

“काका, हा शब्द आहे का मालगाडी?” ‘अनफॉर्च्युनेटली’ पाहून ती म्हणाली.

बाबा पोटभर हसले. आधी पुढचं ‘अन’ सोडव, मग मागचं ‘ली’ सोडव, मधे उरते ते तर तुला मागच्याच हप्त्यात येत होतं, असं तिला समजावत राहिले. अन, फॉर, च्यु, नेट, ली. शेंगेत चारच दाणे निघाले. पाचवा तिने दुसरीतून काढला.

मी दाराआड उभी होते. पहिलीपासून इंग्रजी शाळेत. माझी पुस्तकं बाबा हातात घेत, कव्हर नीट बसलंय का पाहत आणि परत ठेवत. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करताना ते असे हसल्याचं मला आठवत नाही. तिचं मोठ्याने वाचणं, चुकली की जीभ चावणं, सगळंच मला खुपायचं. चुकणं तिला किती सोपं होतं.

मी आत गेले आणि तो शब्द शाळेतल्यासारखा, एका दमात म्हणून दाखवला. बहीण कौतुकाने पाहत राहिली. “पाह्यलं?” बाबा तिला म्हणाले आणि त्यांनी पुढचा शब्द काढला. मला कुणी बस म्हटलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मी माझं पुस्तक घेऊन चटईवर बसले आणि ‘रिस्पॉन्सिबिलिटी’वर बोट ठेवलं. त्याच आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी साऱ्या शाळेपुढे मी तो न अडखळता वाचला होता. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. बहिणीने सरकून जागा करून दिली, ते मला आणखीच लागलं. टोपलीतल्या दोन शेंगा उचलून मी बाबांपुढे ठेवल्या.

“बाबा, हा मले नाही जमून राहिला. तोडून द्या ना.”