आमच्या व्याह्यांनी मला दिलेला विरोध

‘माझ्याकडे नाही’ हे शब्द आमच्या व्याह्यांच्या तोंडून आयुष्यात कोणी ऐकले नसतील, आणि त्यांनी ते न उच्चारल्याची सगळी भरपाई नाशिक रोडला मी केली आहे. कोणी काही मागितलं की स्वतःजवळ असेल तर ते स्वतःचं द्यायचे आणि नसेल तर दुसऱ्याचं द्यायचे. दुसरा म्हणजे बहुतेक वेळा मीच. माझी मुलगी सुमन त्यांच्या घरात दिलेली, म्हणून मी हक्काचा. त्यातून मुलीचा बाप, म्हणून तोंड न उघडणारा. एवढा सोयीचा माणूस त्यांना दुसरा कुठे मिळणार? मी गवंडी, शाळा चौथीतच सुटलेली. पण ‘नाही’ म्हणायला शाळा लागत नाही. ठेकेदाराला, गिऱ्हाइकाला, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसालासुद्धा मी तोंडावर नाही म्हणत आलो. फक्त या एका माणसापुढे लेकीच्या संसाराकडे बघून गप्प बसावं लागलं, आणि त्यांनी माझ्या त्या गप्प बसण्यावर आयुष्यभर दानधर्म केला.

ते स्टेशनात पार्सल ऑफिसला होते. रिटायर झाले तरी संध्याकाळी प्लॅटफॉर्मवर फेरी ठरलेली. गोरेगोमटे, पांढरा शर्ट, खिशात नेहमी दोन पेनं, कोणी मागितलं तर द्यायला. एकदा मी सोबत होतो. एका बाईने त्यांना लासलगावकडच्या कुठल्याशा खेड्याची गाडी विचारली. व्याह्यांनी हात लांब करून तिला प्लॅटफॉर्म सांगितला, डबा कुठे लागतो तो सांगितला, उतरल्यावर जीप कुठे मिळेल तेही सांगितलं. ती पिशवी उचलून पळाली. मी म्हटलं, “तुम्हाला ते गाव माहीत आहे?” म्हणाले, “छे हो. पण बिचारी किती आशेने विचारत होती!” ती बाई कुठे पोचली देव जाणे. ते मात्र समाधानाने चहा प्यायले, आणि चहावाल्याने सुट्टे मागितल्यावर “आमचे व्याही देतील” म्हणाले.

गणपतीत मंडळाची पोरं त्यांच्या दारात गेली, “काका, शिडी आहे का?” “आहे ना! विहितगावात आमच्या व्याह्यांकडे आहे. माझं नाव सांगा.” पोरं माझ्या दारात. शिडी विसर्जनानंतर परत आली ती एक पायरी मोडून, गुलालाने रंगून. हे काहीच नाही. माझ्या पुतणीचं स्थळ त्यांनी एकाच आठवड्यात दोन घरांना देऊन टाकलं होतं. दोन्ही घरची माणसं एकाच रविवारी पोहे खायला आली. माझा भाऊ त्या दिवशी मागच्या दाराने निघून गेला तो जेवायलाच आला, आणि आमची ही पोहे करून करून घामाघूम झाली. मी जाब विचारला, तर व्याही म्हणतात, “अहो, दोघंही चांगले होते. कोणाला नाराज करायचं?” दोघंही नाराज होऊन गेले.

माणूस वाईट होता असं मी म्हणत नाही. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

आता नाचाची गोष्ट. सुमनची मुलगी सायली, म्हणजे आम्हा दोघांची नात, तेव्हा पाचवी-सहावीत असेल. टीव्हीवर लहान मुलांच्या नाचाच्या स्पर्धेचं खूळ आलं होतं. घरोघरची पोरं आरशासमोर कंबर हलवत होती आणि आईबाप मोबाईलवरून मतं पाठवत होते. सायली मात्र खरंच चांगली नाचायची. मला नाचातलं कळत नाही, पण अंगात एखादी गोष्ट असली की दिसते. मुंबईला तिची निवड झाली. नाशकाची मुलगी म्हणून पेपरात फोटो आला, चौकात फलक लागला, आणि फलकावर तिच्यापेक्षा नगरसेवकाचा फोटो मोठा आला.

मग टीव्हीची माणसं तिच्या घराची फिल्म काढायला आली. त्यांच्यात केस बारीक कापलेली एक मुलगी होती, ती प्रश्न विचारायची. हे सगळं मला पुढे सुमनने सांगितलं. त्या मुलीला दुःख हवं होतं. जावई नोकरीला, सुमन शिकवण्या घेते, घर स्वतःचं, पोरीला नाचाचा क्लास. दुःख आणायचं कुठून? मुलीने विचारलं, “पैशांची अडचण?” व्याह्यांनी लगेच गरिबी देऊन पाहिली, पण पाठीमागे मोठा फ्रिज दिसत होता. तिने विचारलं, “आजारपण? लहानपणी पायाला वगैरे काही?” व्याह्यांनी नातीच्या पायाकडे पाहिलं, पण त्या धडधाकट पायाकडून काही मिळेना. मुलगी हिरमुसली. म्हणाली, “काका, मग घरातून कोणाचा विरोध तरी?”

“आहे ना!” व्याही म्हणाले. “तिच्या आईच्या वडलांचा आहे.”

सुमन आत चहा ओतत होती. ती बाहेर येईपर्यंत त्यांनी विरोध देऊन टाकला होता, वर फोटोही दिला होता. सुमनच्या लग्नातला माझा फोटो. त्यात मी फेटा बांधून कपाळाला आठ्या घालून उभा आहे, कारण बँडवाले तासभर उशिरा आले होते.

खरं काय ते ऐका. त्या पोरीच्या नाचाला मी हो म्हटलं नव्हतं आणि नाही म्हटलं नव्हतं. मला कोणी विचारलंच नव्हतं. पण गच्चीवर नाचताना तिच्या तळव्यांना खडी टोचते असं सुमन बोलली, तेव्हा मी स्वतः जाऊन कोबा घातला आणि गुडघ्यावर बसून घोटून घोटून आरशासारखा केला. सत्तरीच्या आसपासचा माणूस विरोध म्हणून एवढं करतो का?

ज्या संध्याकाळी ती फिल्म लागणार होती, त्या संध्याकाळी आमच्या हिने सगळी गल्ली घरात बोलावली होती. चिवडा केला होता. आधी सायली दिसली, टाळ्या झाल्या. मग पडदा काळा झाला, ढग गडगडल्यासारखा आवाज आला, आणि माझा फेट्यातला फोटो हळूहळू पुढे येऊ लागला. एक बाई दुःखी आवाजात म्हणाली, ‘पण या चिमुकल्या पावलांना घरातूनच विरोध होता... तिच्या आजोबांचा.’ घरभर चिवड्याचा कुरकुर आवाज चालला होता, तो थांबला. शेजारची कुलकर्णीण माझ्याकडे न बघता म्हणाली, “आप्पा, असं नाही हो करू.”

दुसऱ्या दिवसापासून मला रस्त्याने चालणं कठीण झालं. औषधाच्या दुकानातला पोरगा गोळ्या देताना म्हणाला, “आजोबा, नाचू द्या ना तिला.” न्हाव्याने अर्ध्या दाढीवर उपदेश केला, तेव्हा उठूनही जाता येईना. महिला मंडळाच्या दोन बायका घरी येऊन मला काळ बदललाय म्हणून समजावून गेल्या. माझा चहा पिऊन गेल्या. ज्या ठेकेदाराला मी उभ्या जन्मात घाबरलो नाही, तो म्हणाला, “काय मिस्त्री, व्हिलन झालात!” आणि हसला. चाळीस वर्षं या भागात भिंती बांधल्या, एकही पडली नाही, आणि नाव मात्र एका संध्याकाळी पाडलं.

व्याही पेढे घेऊन आले. चेहरा असा फुललेला, की जणू माझंच बारसं आहे.

“व्याहीबुवा, मतांचा पाऊस पडतोय! सगळा महाराष्ट्र आपल्या पोरीसाठी हळहळतोय.”

“माझ्या तोंडाला काळं फासून?”

“फासलं कुठे? उलट शेवटी तुम्ही चांगले होणार आहात. टीव्हीच्या त्या मुलीने तसं कबूल केलंय.”

“मी आत्ता वाईट आहे काय?”

“नाही हो. पण आत्ता जरा वाईट असल्याशिवाय मग चांगलं कसं होता येईल?”

आमची ही पदर तोंडाला लावून आत गेली. रडायला की हसायला, ते तिने मला कधी सांगितलं नाही.

शेवटी चांगलं होणं म्हणजे काय, ते पुढच्याच पंधरवड्यात कळलं. मला मुंबईला जाऊन, सगळ्यांसमोर स्टेजवर उभं राहून ‘मी चुकलो, बाळ, तू नाच’ असं म्हणायचं होतं. मी साफ नाही म्हटलं. मग सुमनचा फोन आला. “आप्पा, तुम्ही नाही आलात तर या वेळी तिचं दाखवायला काही नाही, असं म्हणतात ते. तिला काढतील. पोरीसाठी या.” लेकीने माझ्याकडे लग्नानंतर काही मागितलं नव्हतं. मी गेलो. पण खोटं बोलायचं नाही, हे घरूनच ठरवून गेलो.

तिथे आत थंडी अशी की दात वाजावेत, आणि दिवे असे की डोळे फुटावेत. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. पोरगी नाचली. मग मला अंधारातून उजेडात ढकललं. परीक्षक बाई डोळे पुसायला लागल्या. मी अजून काही बोललोही नव्हतो. निवेदक गुडघ्यावर बसून म्हणाला, “आजोबा, आज तरी नातीला आशीर्वाद द्याल?”

मी म्हणालो, “माझा विरोध कधीच नव्हता. ही आमच्या व्याह्यांनी तुम्हाला दिलेली गोष्ट आहे. पोरीचा नाच चांगला असेल तर त्यासाठी मतं द्या. माझ्या नावाने भीक घालू नका.”

पहिल्या रांगेत व्याही बसले होते, त्यांची मान खाली. कानाला तारा लावलेला एक मुलगा धावत आला, “आजोबा, परत एकदा घेऊ या?” मी म्हटलं, “परत घे. परत हेच बोलणार.” परत घेतलं नाही.

टीव्हीवर लागलं तेव्हा मी तोंड उघडतो आणि व्हायोलिन सुरू होतं, एवढंच होतं. माझा एक शब्द नाही. पोरगी येऊन मला मिठी मारते, आणि दिव्यांनी पाणी आलेले डोळे मी धोतराच्या सोग्याने पुसतो. ते तर त्यांनी तीन वेळा दाखवलं. न्हावी म्हणाला, “विरघळलात ना शेवटी!” त्या दाढीचे त्याने पैसे घेतले नाहीत. सायली त्यानंतर लवकरच बाहेर पडली. जिंकला तो दुसराच. त्याच्या घरी आमच्यापेक्षा मोठं दुःख निघालं.

परतताना जीपमध्ये कसाऱ्याच्या घाटात मी व्याह्यांना एवढंच म्हटलं होतं, “मला माफी नको. फक्त चार माणसांत एकदा सांगा, की आमच्या व्याह्यांचा विरोध नव्हता.”

“सांगतो,” ते म्हणाले. ते दुसरं काय म्हणणार होते?

त्या वाक्याची मी किती वर्षं वाट पाहिली! प्रत्येक लग्नाला, बारशाला, वास्तुशांतीला मी त्यांच्याकडे बघायचो. ते डोळ्यांनी खूण करायचे, सांगतो म्हणून. आणि तेवढ्यात कोणीतरी कौतुकाने विचारायचं, “काय हो, त्यांना वळवलंत तरी कसं?” झालं. विचारणाऱ्याला रिकामं पाठवायचं कसं? मग ते सुरू व्हायचे. दर वेळी गोष्ट वाढायची. एका साखरपुड्यात तर मी पोरीचे घुंगरू विहिरीत फेकले होते आणि व्याह्यांनी ते गळ टाकून काढले होते. माझ्या घराच्या आसपास विहीर नाही.

ते दवाखान्यात होते तेव्हा भेटायला गेलो. खूप वाळले होते. मला बघून म्हणाले, “व्याहीबुवा, ते राहिलंच. थांबा.” आणि हाताने खूण करून त्यांनी शेजारच्या खाटेचा पेशंट, त्याची बायको, झाडणारी मावशी, सगळ्यांना जवळ बोलावलं. धाप लागत होती. म्हणाले, “ऐका. हे माझे व्याही. यांचा...” एवढ्यात पेशंटची बायको हरखून म्हणाली, “अगं बाई, म्हणजे ते टीव्हीवरचे आजोबा? हेच?” व्याह्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. नवऱ्याच्या उशाशी बसून बसून काळवंडलेलं ते तोंड पहिल्यांदाच उजळलं असावं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाले, “हो हो, तेच!” घुंगरांपासून सगळं सांगितलं. मी पायात चपला घालून निघून आलो.

त्यांच्या दहाव्याला गोदावरीवर दसकच्या घाटावर ही गर्दी. विधी झाल्यावर आमच्याकडे भाषणं होतात, तशी झाली. एका पुढाऱ्याने त्यांच्या दानतीचं वर्णन केलं आणि म्हणाला, “ज्यांचा विरोध त्यांनी प्रेमाने जिंकला, ते सायलीचे आजोबा इथे आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत.” मी उठलो. इतक्या वर्षांनी चार माणसं नाही, चारशे होती, आणि माझं वाक्य मीच बोलणार होतो. ते अडवायला कोणी उरलंही नव्हतं. समोर पाहिलं. ज्यांना ज्यांना त्यांनी आयुष्यात काही ना काही दिलं होतं, ती सगळी माणसं बसली होती. मंडळाची पोरं होती, आता बाप झालेली. बायकांत सुमन होती, तिच्याशेजारी सायली. सगळी माझ्याकडे काहीतरी मागितल्यासारखी बघत होती.

“होता,” मी म्हणालो. “माझा विरोध होता. त्यांनी मला वळवलं.”

एवढं बोलून मी मागे फिरलो. लग्नकार्यात व्याही माझ्यासाठी आपल्या शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवायचे. कोणी बसायला आलं तर आयुष्यात फक्त तेवढ्यापुरतं म्हणायचे, “ही देता येणार नाही, आमचे व्याही यायचेत.” घाटावरच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. मी कडेला जाऊन उभा राहिलो.