शाळा सोडण्याचे कारण

निघताना माझी आई, अव्वा, सवयीनं म्हणाली, "देवाला आन घराला हात जोड." मी हात जोडले, आणि मग दोघींच्याही लक्षात आलं की जोडायचे कशाला? समोर पत्र्याचं शेड होतं, रांगेतलं शेवटून तिसरं, आणि दार म्हणून बांधलेलं पोतं वाऱ्यानं हलत होतं. अप्पांनी माझी पिशवी उचलली आणि ते एसटीच्या दिशेनं चालायला लागले. भूकंपाला दीड-दोन महिने झाले होते. आमच्या रांगेत कुणी दिवाळी केली नव्हती. त्या रांगेतले तुम्ही आता पुण्यात आहात, हैदराबादेत आहात, काही जण नव्या गावच्या सरकारी घरांत आहात. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला विचारलंय, तू गेलीस ती गेलीसच, परत का नाही आलीस? मी हसून वेळ मारून नेली. आता वय झालं, खरं सांगून टाकते.

गावातल्या हायस्कूलची एक भिंत शिल्लक नव्हती. मी नववीत होते. शेडांमध्ये त्या वर्षी पोरींची लग्नं उरकायची घाई सुटली होती, तुम्हाला आठवत असेल. बापाला छप्पर नाही, निदान पोर दुसऱ्याच्या छपराखाली जाऊ दे, असा सगळ्यांचा विचार. माझ्यासाठीही उदगीरचं एक स्थळ येऊन गेलं होतं. आमचं किराणा दुकान मातीत गेलं होतं आणि माझी धाकटी बहीण मंगल, सहावीतली, तीही. अप्पा म्हणाले, हिची दहावी होऊ द्या, मग बघू. दहावी झाली नाही तर उदगीर, हे त्यात आलंच.

नांदेडला मावशीचं घर रेल्वे लाइनीजवळ, दोन खोल्यांचं. मावसा रेल्वेच्या ऑफिसात, त्यांची तीन मुलं, आणि वर मी. मावशी वाईट नव्हती. पण पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई म्हणतात. मी दीड वर्ष राहिले, तेव्हा माझ्या अकलेचं काय ते समजून घ्या. कुणी सांगायच्या आत भांडी घासून मोकळी व्हायची. रविवारी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगायची आणि गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवून यायची, म्हणजे घरात एक भाकरी कमी लागे. पिशवी कधी रिकामी केलीच नाही. स्लॅबखाली झोप यायची नाही, म्हणून दाराशी अंथरूण. मालगाडी गेली की मांडणीवरच्या ताटल्या वाजायच्या आणि मी अंगणात. शाळेतही तेच. बाक हलला तरी मी दाराबाहेर, आणि मागून सगळा वर्ग हसतोय.

शाळेत पहिल्याच दिवशी दाखला मागितला. तो कुठून आणायचा? ऑफिसात कुलकर्णी बाई म्हणून क्लार्क होत्या, बोलायला एकदम कोरड्या. त्यांनी माझं नाव हजेरीपटाच्या तळाशी पेन्सिलीनं लिहिलं आणि सांगितलं, दाखला आला की शाईनं लिहीन. दहावीचा बोर्डाचा फॉर्म जायच्या आत नाही आला तर मला काही करता येणार नाही. तेव्हापासून मी रोज हजेरीच्या वेळी मान लांब करून बघायची, नाव आहे की पुसलं. सरांनी माझं नाव पुकारलं की मगच वही उघडायची.

इकडे अप्पा गावच्या हेडमास्तर गुरुजींच्या शेडकडे खेटे घालत होते. गुरुजी वाचले होते. पण रजिस्टर ढिगाऱ्यात गेलं, ते म्हणायचे. अप्पांची पत्रं यायची, "गुरुजीला भेटलो, रजिस्टर सापडलं न्हाई, पुन्हा जातो." उन्हाळा गेला, दहावी सुरू झाली, श्रावण आला. मावशी एकदा सहज म्हणाली की उदगीरवाले अजून थांबलेत. सहजच म्हणाली, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेवटी मी ऑफिसात जाऊन रडले. कुलकर्णी बाईंनी रडू दिलं आणि मग विचारलं, गुरुजी हे तोंडी म्हणाले की लेखी? तोंडी, मी म्हटलं. त्यांनी एक पोस्टकार्ड काढलं आणि माझ्यासमोर लिहिलं, की मुलीचं वर्ष जात आहे, रजिस्टर नष्ट झालं असल्यास तसं सही-शिक्क्यानिशी लेखी कळवावं, म्हणजे पुढची तजवीज करता येईल. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आता वाटतं. तोंडानं माणूस काहीही बोलतो, शिक्का मारताना हात अडतो.

आठ दिवसांनी गुरुजींचं उत्तर आलं, मुलीला घेऊन या.

मी आणि अप्पा गुरुजींच्या शेडवर गेलो तेव्हा दुपार होती आणि पत्रा तापलेला. गुरुजींनी खाटेखालची ट्रंक ओढली आणि रजिस्टर बाहेर काढलं. पावसानं फुगलेलं, पण अक्षरं शाबूत. ढिगाऱ्यातून पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वतः उकरून काढलं होतं. मला भयंकर राग आला. वर्षभर माझा जीव टांगणीला, आणि हे खाटेखाली! गुरुजी अप्पांकडे न बघता म्हणाले की एकीचा दाखला काढायला रजिस्टर उघडलं तर मधली, गेलेल्या पोरांची पानं डोळ्यांपुढं येणारच, आणि त्या पोरांपुढं 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात त्यांना काही लिहवत नाही. त्यांचा राग करावा की कीव, मला तेव्हा कळलं नाही. थोडा राग अजून आहे.

त्यांनी माझी ओळ काढली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "कारण काय लिहू? भूकंप लिहू का?"

"भूकंपानं तिनं शाळा न्हाई सोडली, गुरुजी," अप्पा म्हणाले. "शिकाय गेली म्हणून लिहा."

गुरुजींनी लिहिलं, पुढील शिक्षणासाठी. मग काही पानं उलटली आणि मंगलच्या नावावर बोट ठेवून ते थांबले.

"तिचं रिकामं राहू द्या," अप्पा म्हणाले. "तिनं शाळा सोडलीच न्हाई."

दाखला वेळेत पोचला, फॉर्म गेला, दहावी झाली, उदगीरवाल्यांनी दुसरी मुलगी केली. आणि मी परत आले नाही ते यासाठी, की त्या गावात मंगल अजून सहावीत आहे. तिच्या शेजारी मला मोठं होता आलं नसतं. हे अप्पांना मी कधी सांगू शकले नाही.

आता मी नांदेडच्याच एका शाळेत क्लार्क आहे. शहरात गल्लोगल्ली क्लासेस झालेत. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांच्या आया खोली घेऊन स्वयंपाकाला सोबत राहतात, निकाल लागला की चौकात फ्लेक्स. त्यांचं घर सोडणं असं फोटोसकट. पुलाच्या अलीकडं पालं पडतात, तिथल्या पोरांचं घर दर चार महिन्यांनी नुसतं गुंडाळलं जातं. त्यांना कागद नसला तरी प्रवेश द्यायचा, असा आता नियम आहे. पण नियम काही पालावर चालत जात नाही, म्हणून मी जाते. लोक म्हणतात, बाईला दुसरा उद्योग नाही. नसू दे.

यंदा पालावरची रेणुका जूनपासून रोज आली. पाचवीत. मागच्या महिन्यात तिची आई ऑफिसात आली, वीटभट्टीला तेलंगणात चाललोय, पोरीचा दाखला द्या म्हणाली. पालावरून दाखला मागायला आलेली ती पहिलीच. मी कारण लिहिलं, पालकांचे स्थलांतर, आणि त्यांना वाचून दाखवलं.

"परत येणार हाय, असं लिहा की बाई," रेणुका म्हणाली.

त्या रकान्यात असं लिहीत नाहीत, मी तिला समजावलं. इतक्या वर्षांत घर म्हणजे काय, हे मला कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं. मला स्वतःला 'परत येणार' असं कधी म्हणता आलं नाही, कुणाकडं म्हणायचं तेच ठाऊक नव्हतं. ती आमच्या शाळेकडं बघून म्हणाली.

दाखल्याच्या मागं मी ऑफिसचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून दिलाय. तिकडच्या शाळेनं नाव घातलं तर एक फोन येईल. महिना होत आला. अजून आलेला नाही.