टॉवेलाखालची बोली

माझा बाप रघू. रोह्याहून कोलाडला जाताना आमचं गाव लागतं, तिथे अजून त्याला रघू दलाल म्हणतात. जन्मभर त्याने बैलांचे सौदे केले आणि भाव कधी तोंडाने सांगितला नाही. विकणाऱ्याचा हात टॉवेलाखाली घ्यायचा आणि त्याची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितके हजार, अख्खा पंजा धरला की पाच. भोवती सगळा बाजार उभा असला तरी भाव दोघांतच राहायचा. तोंड मात्र शिव्यांसाठी मोकळं असायचं आणि हात फार लवकर उठायचा. बैलावर, आईवर, माझ्यावर. त्याला चांगला म्हणणं मला जमत नाही, आणि तो अजून धडधाकट आहे, त्यामुळे मेलेल्याबद्दल चांगलं बोलावं ही सवलतही मला नाही.

घराची वाटणी निघाली तेव्हा मी शाळेत होते. आजोबांचं कौलारू घर. मधून दोरी धरायची आणि तिच्यावर भिंत घालायची असं ठरलं. बाचा धाकटा भाऊ सखाकाका गवंडी, त्याने दोरीचं टोक ओटीवरच्या खांबाशी धरलं. चूल काकाच्या बाजूला जाते म्हणून बा भडकला. आधी शिव्या झाल्या, मग काठी. काकाच्या कानामागून रक्त वाहायला लागलं तरी त्याने दोरी सोडली नाही. मग बाने कमरेच्या आकडीतला कोयता उपसला आणि खांबावर हाणला. दोरी तुटली. तिच्यासोबत काकाच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सारवलेल्या जमिनीवर पडलं. मी समोरच होते. हातापासून सुटलेलं बोट किती लहान दिसतं, ते मला त्या दिवशी कळलं.

बा आजही म्हणतो, मी दोरीवर मारला. दवाखान्यात काकाने सांगितलं की शेतात जाळायच्या राबासाठी झाडाचा पाला तोडताना कोयता लागला. त्या एका वाक्याने माझा बाप तुरुंगातून वाचला. काकाला पुन्हा थापी धरता आली नाही. तो पेणला गेला आणि रामवाडीत एका बिल्डिंगवर वॉचमन झाला. भिंत कधी घातलीच नाही. घर दोघांच्या नावावर राहिलं आणि आम्ही त्यात ऐसपैस पसरलो.

यंदा हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने काकाच्या हिश्श्याचे पाच लाख सांगितले. काकाला पेणला स्वतःची खोली घ्यायची होती. त्याने निरोप पाठवला की पहिला मान दादाचा, मी येतो, दादाने आपली बोली सांगावी. बाने आधी हॉटेलवाल्याला उभा चिरीन म्हणून गाव डोक्यावर घेतलं, मग ओटीवर कोयत्याला धार लावत बसला. तो अंघोळीला गेल्यावर आईने कोयता उचलून तांदळाच्या पिंपात खोल खुपसला.

बैलजोडी विकून आणि माझ्या भावाने, रितेशने, कंपनीतून उचल घेऊन तीन लाख जमत होते. आईच्या पाटल्या मोडल्या तर चार. त्याच्यावर दमडी नव्हती. मग किती सांगायचे? रितेशचं म्हणणं, सरळ चार सांगावेत आणि काकाचे पाय धरावेत. बा ऐकेना. गरजू विकणाऱ्याला आधी कमी सांगायचं, तीनला धरायचं आणि अगदीच अडला तर चारला सोडायचं, हा त्याचा बाजारातला हिशेब. मी म्हटलं, काका काय बैल आहे? बाने जेवतं ताट माझ्या अंगावर भिरकावलं. डाळ कढत होती, गळ्यावरचा डाग अजून गेलेला नाही. आईने पाटल्या काढल्या, त्याच्यासमोर जमिनीवर ठेवल्या आणि ती माझ्यासाठी पाणी आणायला उठली.

काका रविवारी आला. चहाला नको म्हणाला. त्याच खांबाला टेकून बसला, कोयत्याची खाच त्याच्या डोक्याशी आली. बाने खांद्यावरचा टॉवेल झटकून पुढे केला. जन्माची सवय, आपण कुणाचा हात मागतोय हे त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. काकाने त्याच्याकडे नीट बघितलं आणि आपला उजवा हात टॉवेलाखाली घातला.

बा अंगठा सोडून तीन बोटं धरायला गेला. तिसरं नव्हतं. त्याचा हात त्या खुंटांवरून घसरला आणि गडबडीत त्याने सगळा हातच मुठीत पकडला. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. तो हात काढून घ्यायला लागला, पण काकाने सोडला नाही. अंगठ्यासकट उरलेल्या तीन बोटांनी त्याने असा आवळला की बाचं कुठलंतरी हाड कडकन वाजलं आणि तो गुडघ्यावर आला. रितेश धावला. आई त्याला आडवी आली.

"पंजा धरलास, दादा," काका म्हणाला. "पाच झाले."

"चुकून धरला."

"व्हय. तवाही चुकूनच." काकाने आणखी पिळलं. बाच्या तोंडून गुरासारखा आवाज निघाला. "पाचातले दोन तू तवाच घेतलेस. आता तीन दे. आन् मी मेलो तरी माज्या दारात यायचं नाय."

त्याने हात सोडला, टॉवेल बाच्या तोंडावर फेकला आणि आईला म्हणाला, "येतो, वैनी." मागाहून तीनच लाख घेऊन त्याने सही केली. पेणची खोली हुकली. तो अजून भाड्यानेच राहतो.

ज्या किमतीला काकाचा हिस्सा मिळावा असं बाला वाटत होतं, त्याच किमतीला मिळाला. पाटल्या वाचल्या, आई त्या घालत नाही. मला विचाराल तर काकाने त्या दिवशी बाचा हात मोडून पाच घेतले असते तर मला बरं वाटलं असतं. मोडलेला हात बांधता येतो.

बा अजून बैलबाजाराला जातो. सौदे फारसे होत नाहीत. कुणी टॉवेल पुढे केला की दोन्ही हात पाठीमागे घेतो आणि म्हणतो, तोंडानं सांग.