खोदाईची कैवारीण

दादू नदीला पूर आला की आमच्या खोऱ्यात धरणांची वीज मातीमोल भावानं मिळायची. मग ट्रक भरभरून यंत्रं यायची. काठावरच्या पत्र्याच्या शेडात ती दिवसरात गणितं सोडवत भणभणायची आणि त्यातून युनशान नावाचं नाणं निपजायचं. हातात न येणारं, फोनवर दिसणारं. याला म्हणायचं खोदाई. च्याओ आक्काचं शेड सगळ्यात मोठं. यंत्रांच्या गरम वाऱ्यावर ती मिरच्या वाळवायची आणि दार उघडं टाकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायची. नवरा गुडघ्यांच्या दुखण्यानं घरात बसलेला. चूल पेटायची ती यंत्रांच्या जिवावर.

त्या साली नाणेवाल्यांत भांडण पेटलं. शहरवाले म्हणाले, यंत्रं बंद करा. ज्यानं नाणी फोनवरच्या कुलपात तारण ठेवली, नवी नाणी त्यालाच द्या. या पक्षाचा आमच्याकडचा म्होरक्या म्हणजे आक्काचा दीर वेन कुई. चहाच्या दुकानात माजाँगच्या सोंगट्या फिरवता फिरवता तो म्हणाला, "वैनी, जग बसून खातंय, तू अजून पंखे पुसतीयास!"

"भावजी, नाणं म्हंजे काय अंडं हाय व्हय, वर बसलं की पिल्लू निघाया?"

"कोंबडी बसूनच उबवती की."

"उबवती. पर आधी कुणीतरी घालावं लागतं!"

दुकान खदाखदा हसलं. पण हसण्यावर निकाल लागणार नव्हता. ठरलं होतं मतदान. ज्यानं जितकी नाणी वर्षभरासाठी कुलपात घातली, तितकी त्याची मतं. इथंच आक्काची गोची झाली. तिची नाणी निपजली की वीजबिलापायी विकली जायची. घ्यायचा कोण? दीरच. आता त्याच्याकडं ढीग, हिच्याकडं मूठभर. खोदाई हरली तर यंत्रं भंगारात जाणार, हे तिला उमगलं होतं.

तिनं छंगतू शहरातल्या यंत्रांच्या व्यापाऱ्याला फोन लावला.

"यंत्रं वाचवाया यंत्रंच इकतीस?" नवऱ्यानं विचारलं.

"गप बसा. जिंकलो की परत घीन. ही तत्त्वाची गोष्ट हाय."

यंत्रं गेली. आलेल्या पैशाची नाणी घेऊन तिनं कुलपात घातली आणि मतं टाकली. वरच्या खोऱ्यातल्या दोघाचौघा शेडवाल्यांनीही तिचाच कित्ता गिरवला. खोदाई जिंकली, थोडक्यात का होईना. दारात फटाक्यांची माळ वाजली, गावाला डुकराच्या मटणाच्या उकळत्या रश्श्याचं, हॉटपॉटचं जेवण घातलं.

खोदाई जिंकल्याबरोबर यंत्रांचे भाव आभाळाला भिडले. आक्काची नाणी कुलपात. वर्ष सरल्याशिवाय बाहेर निघणार नाहीत, आणि तारणाचा पक्ष हरल्यानं त्यांच्यावर छदामही मिळणार नव्हता. तो हरवला होता खुद्द तिनंच.

आठवड्यानं शेडापुढं ट्रक थांबला. त्यातून उतरला वेन कुई. व्यापाऱ्याकडनं तिचीच यंत्रं त्यानं मतदानाआधीच स्वस्तात घेतली होती, हरलो तर असावीत म्हणून.

"वैनी, शेड भाड्यानं देतीस? राखणीला तूच ऱ्हा. पगार दीन."

आक्कानं यंत्रांकडं पाहिलं, रिकाम्या रॅककडं पाहिलं. किल्ली काढून दिली.

महिन्याभरानं दुकानात पुन्हा जुंपली. वेन कुई टेबल बडवत होता, "घामाशिवाय कमाई हरामाची!" समोर आक्का ताठ उभी. म्हणाली, "पुन्यांदा मतदान घ्या. बापड्या माणसानं नाणी कुलपात घातली, तर त्याच्या पदरात कायतरी पडाया नको व्हय?"