नव्या माडीवरचं वजन

"वर दोन खोल्या काढ ना आई, म्हणजे आम्ही सुट्टीला येऊन राहू," असं मुलगा फोनवर म्हणाला. मी ते खरं धरलं.

वडगाव रासाईतलं आमचं घर सागवानी खांबांचं. मातीच्या भिंती नुसत्या आडोशाला. भार सगळा खांबांवर आणि तुळयांवर. माळवदी छताची माती उतरवून त्यांच्यावर माडी चढवायची होती. दौंडहून आलेल्या इंजिनिअरसाहेबांनी उंबऱ्यातच पिवळं हेल्मेट चढवलं. आत मी गेली कित्येक वर्षं उघड्या डोक्याने चहा पीत होते.

मिस्त्रीने तुळयांना टेकू दिले, खांबांचे वाळवीने खाल्लेले बुंधे कापून बदलले, खालच्या दगडी तळखड्यांना काँक्रीटचा पाया दिला आणि खांबांना दोन्ही अंगांनी लोखंडी चॅनेल आवळले. दिवसभर घरात माणसं असल्याचा आवाज असायचा. कामगार गेले की मी रेडिओ लावायची.

आमच्याकडे नव्या माडीवर पहिल्या पंगतीचा मान घरच्यांचा. दाटीवाटीने बसायचं.

"मानबिन काय न्हाई बाई," मिस्त्री म्हणाला, "वजन घालून बघायचं आसतं."

समारंभाचं इतकं प्रामाणिक कारण मी प्रथमच ऐकलं.

मुलगा, सून, नात रविवारी येणार होते. त्यांच्याआधी कुणाला वर बसवायचं नाही, असं मी भावकीला बजावलं होतं. पुरणाची डाळ शिजत असताना फोन आला. नातीचा कसला तरी क्लास होता. पुढच्या महिन्यात नक्की.

मिस्त्रीला दुसऱ्या दिवशी खुटबावच्या कामावर जायचं होतं. "मग कांदं चढवा," तो म्हणाला.

शेजारच्या आप्पांच्या कांद्याच्या गोण्या वर गेल्या आणि पंगतीसारख्याच ओळीने बसल्या. तुळईखाली ताणलेल्या दोरीकडे मिस्त्री बराच वेळ बघत राहिला. "केसभर हाललं न्हाई. आता वर लगीन लावा, बाई!"

पुरणपोळी त्याने आणि आप्पांनी खाल्ली.

निघताना आप्पा घुटमळले. "भाव येईस्तवर गोण्या ऱ्हाऊ द्या का वर? वारं चांगलं लागतंय."

"आणि मुलगा आला तर?"

"तवा उतरवू की लगेच." कधी येणार, ते त्यांनी विचारलं नाही.

संध्याकाळी पुन्हा फोन. "माडी भक्कम झाली ना गं?"

"भक्कम आहे. जरा वास येतो."

"नवीन रंगाचा असेल. जाईल."

"असेल," मी म्हटलं.