माईकसमोर न घेतलेलं नाव

मला तोंड आवरत नाही, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे एकमताने मान्य होतं. पण त्या तोंडाचा मला स्वतःला धसका बसला तो एकदाच, बोईसरला, ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत, रेडिओवाले आमच्या पाड्यावर आले तेव्हा.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. हे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात बॉयलरवर होते, टेम्पररी. टेम्पररी म्हणजे काही महिने झाले की 'ब्रेक' देऊन घरी बसवायचे आणि मर्जी असली तर पुन्हा बोलवायचे. चार वर्षं हेच चाललं होतं. त्या महिन्यात परमनंट करायच्या माणसांची यादी लागणार होती, आणि तीत ह्यांचं नाव आहे असं सुपरवायझर स्वतः बोलला होता. त्या एका वाक्यावर आम्ही दोघं महिनाभर जगत होतो.

राहायला बेटेगावच्या बाजूला एका पाड्यावर होतो, भाड्याने. घरमालकीण तिथलीच, एकटी बाई, थोडी भातशेती करणारी. मी तिला मावशी म्हणायचे. तिच्या दारातल्या विहिरीवर आम्ही सगळे पाणी भरायचो. मागच्या पावसाळ्यापासून त्या पाण्यावर तेलकट तवंग यायला लागला होता. भात शिजवला की पिवळट व्हायचा आणि त्याला औषधासारखा वास यायचा. बाजूच्या नाल्याचं पाणी विहिरीत झिरपतंय हे सगळ्यांना कळत होतं. नाला ह्यांच्याच कारखान्याच्या मागून येतो हेही कळत होतं, पण मी तेवढं मनातच ठेवलं होतं.

रेडिओवाल्यांची जीप दुपारी आली. गावाकडच्या लोकांसाठी संध्याकाळी कार्यक्रम लागायचा, त्यात वेगवेगळ्या गावांच्या बायकांना बोलतं करायचे. शाळेच्या ओट्यावर सतरंजी घातली. मुंबईहून आलेल्या बाईंनी टेपरेकॉर्डर मांडला आणि माईक पुढे केला. मावशीने लग्नातलं एक लांबलचक गाणं म्हटलं, बाकीच्या मागे ओढत होत्या. मग बाईंनी विचारलं, "गावात अडचणी काय काय आहेत?" सगळ्या सतरंजीकडे बघायला लागल्या.

मावशीने मला कोपराने ढोसलं. "तू सांग. विहीर माजी हाय, पन मना असां बोलता येत नाय."

मला तेवढं पुरे होतं. तवंग, भात, नाल्यात मेलेले मासे, पोरांच्या अंगावरची खाज, सगळं सांगितलं. बोलताना बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. मावशी मान डोलवत होती. शेवटी बाईंनी माझं नाव विचारलं, ते सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि मिस्टरांचं?"

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नाकार्यात उखाण्यात घेतलं तेवढंच. समोर पाड्यावरच्या तीन म्हाताऱ्या बसलेल्या, त्यांच्यादेखत सरळ नाव उच्चारायची माझी जीभ वळेना. म्हणून मी नेहमीसारखा वळसा घातला. म्हटलं, "ते होय, ज्या कारखान्याचं पाणी ह्या नाल्याला येतं ना, तिथंच आहेत. बॉयलरवर. दुसऱ्या पाळीला. बरोबरचा माणूस यूपीचा आहे, हे एकटेच आपल्याकडचे." बाई हसल्या, म्हाताऱ्याही हसल्या. जीप निघताना बाईंनी सांगितलं की कार्यक्रम पुढच्याच्या पुढच्या सोमवारी, संध्याकाळी सात वाजता.

घरी येऊन तांदूळ निवडायला बसले आणि सूप हातातच राहिलं. नाव घेतलं असतं तर काही बिघडलं नसतं. ह्यांच्या नावाची माणसं वसाहतीत ढिगाने सापडली असती. पण बॉयलरवरचा दुसऱ्या पाळीचा मराठी माणूस एकच होता, आणि तो मी सगळ्या महाराष्ट्राला बोट करून दाखवला होता. सात वाजता दुसऱ्या पाळीची चहाची सुट्टी. कँटीनमधला रेडिओ लाऊडस्पीकरला जोडलेला. सुपरवायझर त्याच वेळी तिथे कप घेऊन बसतो, हे मला ह्यांनीच कितीदा सांगितलं होतं.

पहिले दोन दिवस मला वाटलं, आज सांगू. ह्यांनी विचारलंच, "काय बोललीस गं?" मी म्हटलं, "पाण्याबिण्याचं, घरातलं." हे खूश झाले. त्यांनी सगळ्या पाळीला सांगून टाकलं की आमची मंडळी रेडिओवर येणार आहे. कँटीनवाल्याला त्या दिवशी आवाज मोठा ठेवायला सांगितलं. एक दिवस जेवताना म्हणाले, "सुपरवायझरला पण सांगितलंय. म्हणाला, वहिनींचं ऐकायलाच पाहिजे." मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि म्हटलं, "हो का."

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. ह्यांची सायकल पाच मिनिटं लवकर दिसली की वाटायचं, गेटवरूनच परत पाठवलं असणार. साताऱ्याला परत जायचं तर कोणत्या तोंडाने, दिरांच्या घरात किती दिवस, असले हिशेब डोक्यात सुरू व्हायचे. मावशी मात्र आनंदात होती. नाल्यापलीकडच्या तिच्या बहिणीला तिने त्या सोमवारी आमच्याकडे रेडिओ ऐकायला बोलावलं होतं. मला म्हणाली, "आता मोठे साहेब ऐकतील. बग, माज्या विहिरीचां कायतरी करतील."

दुसऱ्या दिवशी मी बोईसरच्या पोस्टात गेले, कार्ड घेतलं आणि तिथल्याच फळकुटावर ठेवून रेडिओवाल्यांना लिहिलं. ह्यांच्याबद्दलची शेवटची वाक्यं तेवढी काढा, असं लिहिता आलं असतं. मी लिहिलं, विहिरीचं आणि पाण्याचं माझं सगळं बोलणं काढून टाकावं, ही नम्र विनंती. वर लिहिलं की ते नीट माहिती न घेता बोलले होते. हे खोटं होतं. कार्ड पेटीत टाकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

सोमवारी मावशी, तिची बहीण आणि पाड्यावरच्या चार-पाच बायका आमच्या खोलीत दाटीवाटीने बसल्या. हे कामावर होते. मावशीचं गाणं लागलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती पदर तोंडाला लावून ऐकत होती. मग माझा आवाज आला. "आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, इथं येऊन चार वर्षं झाली." ह्यापुढचं वाक्य विहिरीचं होतं, मला ते पाठ होतं. आणि सनई वाजली. मग दुसऱ्याच कुठल्या गावच्या बाई पापडाबद्दल बोलायला लागल्या.

कार्ड पोचलं, की त्यांनीच कापलं, हे मला कधी कळलं नाही. त्या क्षणी मला नुसतं हलकं वाटलं, एवढं हलकं की मला हसूच यायला लागलं. मावशी रेडिओकडे बघत राहिली होती. कार्यक्रम संपला तरी ती उठली नाही. मग म्हणाली, "तुजा विहिरीचां बोलना कुठं गेलां?"

"वेळ कमी पडला असेल," मी म्हटलं.

तिला ते पटलं. वर मलाच समजावलं, "माजा गाना लांबला ना, म्हनून. मी वाईच आदी थांबायला पायजे होतां." मी तिला नाही म्हटलं नाही.

सकाळी ह्यांनी चहा पिताना सांगितलं की सगळ्यांना माझा आवाज आवडला. यादी लागली, तीत नाव होतं. पुढे कॉलनीत खोली मिळाली, नळ असलेली. सामान टेम्पोत चढवत होतो तेव्हा मावशी विहिरीवर होती. हंडा तिथेच ठेवून ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "रेडिओवाले परत आले तर मी तुला निरोप धाडीन. मी गाना नाय म्हननार. तू बोल."

मी म्हटलं, "धाडा, मावशी." आणि कॉलनीत राहायला गेल्यावर दारात कुणी अनोळखी माणूस उभा दिसला की मला भीती वाटायची, हा पाड्यावरून निरोप घेऊन तर आला नसेल.